नवा फ्रिज, बॉडी लीकेज आणि दुकानदाराची जबाबदारी

फ्रिजमधला गॅस संपत नाही. गाडीतल्या पेट्रोलसारखा तो जळत नाही, वापरून कमी होत नाही. कॉम्प्रेसरमधून निघून बाजूच्या पत्र्याआडच्या नळ्यांत, तिथून फ्रीजरमागच्या कॉइलमध्ये आणि परत कॉम्प्रेसरमध्ये, असा एकाच बंद नळीत तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. आमचा आधीचा फ्रिज सतरा वर्षं चालला, त्यात कधी गॅस भरावा लागला नाही. त्यामुळे घेऊन पाच महिने झालेल्या फ्रिजपुढे उभं राहून सर्व्हिस सेंटरचा मुलगा जेव्हा म्हणाला, "काकू, गॅस संपलाय बघा, भरून देतो," तेव्हाच माझ्या मनात पहिला प्रश्न आला. संपला म्हणजे गेला कुठे?

पुढचे सगळे महिने या एका प्रश्नाचं उत्तर लेखी मिळवण्यात गेले. ज्यांच्या घरी आज हेच चाललंय त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही सांगलीत राहतो. २०२४ च्या गुढीपाडव्याला, म्हणजे ९ एप्रिलला, बाजारपेठेतल्या एका मोठ्या दुकानातून डबल डोअरचा फ्रॉस्ट फ्री फ्रिज घेतला. किंमत ३१,५०० रुपये, पक्कं बिल, त्यावर मॉडेल आणि सिरियल नंबर. दारावर ठळक स्टिकर होता, 'कॉम्प्रेसरवर १० वर्षे वॉरंटी'. त्याच्याच खाली दुसरा, 'स्टॅबिलायझरविना चालतो'. बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेलं होतं, 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. वॉरंटी कंपनीची राहील.' हे दोन स्टिकर आणि ही एक ओळ पुढे पुन्हा पुन्हा येणार आहेत.

आमच्या घरात फ्रिज म्हणजे नुसतं दूध-भाजीचं कपाट नाही. सासूबाईंना मधुमेह आहे आणि इन्सुलिन चालू आहे. न उघडलेल्या बाटल्या २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवाव्या लागतात. गणपतीच्या आठवड्यात आधी आइस्क्रीम मऊ पडायला लागलं, मग रात्री दळून ठेवलेलं डोशाचं पीठ फ्रिजमध्येच फुगून डब्याबाहेर आलं. कॉम्प्रेसर मात्र थांबायचं नाव घेत नव्हता. मी सासूबाईंच्या बाटल्या शेजारच्या वहिनींच्या फ्रिजमध्ये नेऊन ठेवल्या आणि कंपनीच्या नंबरवर तक्रार नोंदवली.

मुलगा वेळेवर आला, वागायला चांगला होता. मागच्या बाजूला बसून त्यानं कॉम्प्रेसरच्या नळीला जोड लावला, डब्यातून गॅस सोडला आणि अर्ध्या तासात आवरून उठला. जाताना म्हणाला, "मॅडम, एक कोड आलाय मोबाइलवर, तेवढा सांगा." या कोडला ते हॅपी कोड म्हणतात. तो दिला की त्यांच्या सिस्टिममध्ये तक्रार 'ग्राहक समाधानी' म्हणून बंद होते. फ्रिज पूर्ववत थंड व्हायला कित्येक तास लागतात आणि कोड मात्र त्या मुलाला दारातून बाहेर पडायच्या आत हवा असतो. मी म्हटलं, "उद्या सकाळी थंड झालेला दिसला की फोनवर सांगते." त्याला ते अवघड वाटलं, कारण उघडी राहिलेली तक्रार त्याच्या नावावर दिसते. पण तो थांबला. दुसऱ्या दिवशी फ्रिज थंड होता, मी कोड दिला.

त्याच आठवड्यात मिरजेचा माझा मावसभाऊ घरी गणपतीला आला होता. तो एसी-फ्रिजचंच काम करतो. त्याला सहज सांगितलं तर त्यानं जेवण झाल्यावर मला नीट समजावून दिलं. "ताई, गॅस भरणं ही दुरुस्ती नव्हेच. गॅस कमी झाला म्हणजे कुठंतरी गळतोय. आधी लाइन रिकामी करायची, नायट्रोजन भरून प्रेशर धरून ठेवायचं, काटा खाली येतोय का बघायचं. जोडांवर साबणाचं पाणी लावायचं. गळती सापडली की ती बंद करायची, फिल्टर नवा टाकायचा, व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि दमटपणा काढायचा आणि मगच काट्यावर वजन करून गॅस भरायचा. हल्लीच्या फ्रिजमध्ये आर-६०० ए असतो, तो जळणारा गॅस आहे, अंदाजानं सोडायचा नसतो." आमच्या फ्रिजमध्ये किती ग्रॅम भरायचा हे मागच्या पट्टीवर छापलेलं आहे, तेही त्यानं दाखवलं. त्या मुलाकडे वजनाचा काटा नव्हता आणि पंपही नव्हता.

दिवाळीत फ्रिज परत बसला.

या वेळी मी तक्रार करायच्या आधी तयारी केली. मेडिकलमधून डिजिटल थर्मामीटर आणला, त्याचं टोक पाण्याच्या पेल्यात बुडवून पेला मधल्या कप्प्यात ठेवला. नुसत्या हवेत ठेवलं तर दार उघडलं की आकडा उडतो, पाण्यात तो स्थिर राहतो आणि आतल्या पदार्थांचं खरं तापमान कळतं. सकाळी आणि रात्री आकडा वहीत लिहायचा आणि आकड्याचा फोटो काढायचा. १३, १४, एकदा तर १५ अंश. फ्रिज ठीक असता तर तो ४-५ च्या आसपास राहिला असता.

मुलगा आल्यावर त्याला फ्रीजरचं मागचं झाकण काढायला सांगितलं. आत कॉइलच्या फक्त वरच्या दोन आडव्या नळ्यांवर बर्फ धरला होता, खालच्या सगळ्या कोरड्या. गॅस पुरेसा असता तर सगळ्या कॉइलवर सारखं दंव धरलं असतं. मी त्याचा फोटो घेतला. मग बाजूच्या पत्र्यांना हात लावायला सांगितलं. चालू फ्रिजचे हे पत्रे कोमट लागतात, कारण उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या त्यांच्याच आड असतात. आमचे गार होते. तो काही बोलला नाही, पण त्याला कळलं होतं हे त्याच्या तोंडावर दिसलं.

परत गॅस भरला गेला. जॉबशीटवर त्यानं लिहिलं, 'गॅस चार्ज केला, युनिट ओके.' त्या कागदाच्या खाली ग्राहकाच्या अभिप्रायासाठी बोटभर चौकट असते, तिथे आपण फक्त सही करतो. मी त्यात बारीक अक्षरात लिहिलं, 'गळती तपासली नाही. फिल्टर बदलला नाही. ही तक्रार दुसऱ्यांदा आहे. भेटीच्या वेळी आतलं तापमान १४ अंश.' मग सही केली आणि कार्बनची प्रत ठेवून घेतली. त्यानं हरकत घेतली नाही. उलट म्हणाला, "लिहा मॅडम, तुमचा हक्क आहे." या मुलांचा मला राग आला नाही आणि आजही नाही. ती कंत्राटावर असतात, भेटीगणिक पैसे मिळतात, नायट्रोजनचा सिलिंडर दुचाकीवर कोण आणून देणार? दोष त्यांना अर्धीच हत्यारं देऊन पाठवणाऱ्याचा.

त्यानंतर मी दुकानात गेले. मालक ओळखीचे, घरातली बरीच खरेदी तिथूनच झालेली. बोलणं साधारण असं झालं.

"वहिनी, आम्ही फक्त विकतो. बनवते कंपनी, वॉरंटी कंपनीची. बिलावर लिहिलंय बघा."

"शेठ, पैसे मी कंपनीला दिले नाहीत. तुम्हाला दिले. बिल तुमच्या नावाचं आहे."

"ते खरं, पण आम्ही काय करणार? फार तर फोन लावून देतो."

त्यांनी माझ्यासमोर एरिया मॅनेजरला फोन लावला, त्यानं 'प्रायॉरिटी देतो' म्हणून सांगितलं. निघताना काउंटरवरच्या मुलीनं मला एक्स्टेंडेड वॉरंटीचा कागद पुढे केला, कारण एप्रिलमध्ये माझं वर्ष संपत होतं. बिघडलेली वस्तू तशीच ठेवून त्यावर आणखी पैसे भरायला सांगणं मला अपमानास्पद वाटलं आणि ते मी तिथेच बोलून दाखवलं.

इथे वॉरंटी कार्डाबद्दल सांगते, कारण 'कॉम्प्रेसरवर १० वर्षे' या ओळीनं बहुतेक लोक निर्धास्त होतात. कार्ड नीट वाचलं तर पहिलं एक वर्ष सगळ्या भागांचं आणि मजुरीचं असतं. त्यात प्लास्टिकचे भाग, काच आणि दिवा बहुधा वगळलेले असतात. दुसऱ्या वर्षापासून पुढचं आश्वासन फक्त कॉम्प्रेसर या सुट्या भागाचं. गॅस, कॉइल, बोर्ड, येण्याजाण्याचा खर्च, सगळं आपलं. म्हणजे आमच्या फ्रिजची गळती एप्रिल उलटेपर्यंत नुसत्या गॅस भरण्यावर निभावून नेली असती, तर पुढचं प्रत्येक भरणं माझ्या खिशातून गेलं असतं आणि दारावरचं १० वर्षांचं स्टिकर तसंच चिकटून राहिलं असतं. मुद्दाम वेळ काढला असा माझा आरोप नाही. पण वेळ गेला की फायदा कुणाचा होतो हे उघड आहे, म्हणून प्रत्येक तक्रारीची तारीख आणि नंबर लेखी असणं एवढं महत्त्वाचं. दोष वॉरंटीच्या काळात कळवला होता हे कागदावर असलं, की नंतर वर्ष उलटलं तरी तो मुद्दा जात नाही.

एरिया मॅनेजरच्या 'प्रायॉरिटी'नं एक सुपरवायझर आला आणि नवीच गोष्ट सुरू झाली. तुमच्याकडे व्होल्टेज कमी-जास्त होतं, स्टॅबिलायझर लावलेला नाही, त्यामुळे हा प्रकार वॉरंटीत बसत नाही. मी त्याला दारावरचं स्टिकर दाखवलं. मग विचारलं, व्होल्टेजनं बोर्ड जळेल, कॉम्प्रेसर जाईल, पण नळीला भोक कसं पडेल? त्याच्याकडे उत्तर नव्हतं. तरी मी त्याला तेच जॉबशीटवर लिहायला सांगितलं, 'व्होल्टेजमुळे गॅस गळती.' त्यानं लिहिलं नाही. माझा अनुभव असा, की तोंडी सांगितलेली अनेक कारणं लिहायला सांगितलं की मागे घेतली जातात.

संक्रांतीच्या सुमारास फ्रिज पुन्हा गरम. आता पहिलाच मुलगा एका वयस्क मेकॅनिकला घेऊन आला, सोबत नायट्रोजन होता. जोड सगळे कोरडे, साबणाच्या पाण्याला कुठे फुगा नाही, आणि काटा मात्र हळूहळू खाली. वयस्क मेकॅनिक उठून हात पुसत म्हणाला, "बॉडी लीकेज आहे."

बॉडी लीकेज म्हणजे गळती फ्रिजच्या अंगातच, पत्रा आणि आतलं प्लास्टिक यांच्यामध्ये. तिथे नळ्या फोममध्ये कायमच्या पुरलेल्या असतात. दाराच्या चौकटीभोवती पाणी सुटू नये म्हणून एक गरम नळी फिरवलेली असते, तीही आतच. तिथपर्यंत पोचायचं तर पत्रा कापावा लागतो, म्हणजे दुरुस्ती जवळजवळ अशक्य. कारखान्यातून आलेला दोष म्हणतात तो हाच, कारण घरातलं कुणी तिथे हात लावूच शकत नाही.

जॉबशीटवर 'बॉडी लीकेज' हे दोन शब्द लिहून घेतले. माझ्या मते या सगळ्या भांडणात निर्णायक ठरलेला क्षण तोच. नंतर जे काही मिळालं ते त्या दोन शब्दांमुळे.

कंपनीनं उपाय सुचवला, आतल्या नळ्या बाद करायच्या आणि फ्रिजच्या पाठीवर बाहेरून नवी कॉइल बसवायची. जुन्या फ्रिजला असं करतात आणि तो चालतोही. पण नऊ महिन्यांच्या, ३१,५०० रुपये मोजलेल्या फ्रिजला पाठीवर जाळी लावून घ्यायला मी तयार नव्हते. भिंतीपासूनचं अंतर वाढणार, दाराच्या चौकटीतली गरम नळी बंद पडणार आणि तिथे ओल धरणार. मी नकार दिला, ईमेलनं आणि कारण लिहून.

मग १९१५ वर फोन केला. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, नोंदणी क्रमांक दिला, तक्रार कंपनीकडे पाठवली. काही दिवसांनी कंपनीचं उत्तर नोंदलं गेलं, 'ग्राहकानं दुरुस्तीस नकार दिल्यानं तक्रार बंद.' मी जॉबशीटचे फोटो जोडून ती परत उघडायला लावली. एक समजून घ्यायला हवं, की ही हेल्पलाइन मध्यस्थी करते, आदेश देऊ शकत नाही. तरीही तिथे नोंद करून ठेवावी. सरकारी नोंदीत कंपनीनं स्वतःच्या शब्दांत दिलेलं उत्तर पुढे पुरावा म्हणून वापरता येतं. माझ्या बाबतीत त्या उत्तरात कंपनीनं बॉडी लीकेज नाकारलेलं नव्हतं.

खरी वाट दाखवली ती ग्राहक पंचायतीचं काम वर्षानुवर्षं करणाऱ्या आमच्या ओळखीच्या एका बाईंनी. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये सुरू केलेल्या त्या चळवळीत त्या तरुणपणी ओढल्या गेल्या, आजही लोकांचे कागद बघून देतात, पैसे घेत नाहीत. त्यांनी माझी वही, फोटो, जॉबशीट सगळं टेबलावर तारखेप्रमाणे लावलं आणि पहिलंच विचारलं, "दुकानदाराला लेखी काय दिलंस?" दुकानात मी बोलले होते, लेखी सगळं कंपनीला होतं.

त्यांनी समजावलं ते असं. वॉरंटी कार्ड हे कंपनीनं स्वतःहून दिलेलं आश्वासन. त्यापलीकडे कायद्यानं दिलेले हक्क वेगळे शिल्लक असतात. माल विक्री अधिनियम १९३० चा आहे, आणि विकलेला माल विक्रीयोग्य दर्जाचा असला पाहिजे ही अट तो विकणाऱ्यावर घालतो. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ चा, लागू झाला जुलै २०२० मध्ये. त्यात दोष असलेला माल परत घ्यायला नकार देणं अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिलावर माल परत घ्यायची मुदत छापलेली नसेल तर ती ३० दिवसांची धरतात. आमचा दोष त्या ३० दिवसांनंतर दिसला, त्यामुळे ते कलम थेट लागू नव्हतं, पण म्हणून दुकान सुटत नव्हतं. त्याच कायद्याच्या कलम ३९ खाली जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग दोष काढून द्यायला, वस्तू बदलून द्यायला, किंमत व्याजासह परत करायला आणि नुकसानभरपाई द्यायला सांगू शकतो, आणि विक्रेता व उत्पादक दोघांनाही सामनेवाले, म्हणजे प्रतिपक्ष, करता येतं. बिलावरची 'माल परत घेतला जाणार नाही' ही ओळ या हक्कांवर बोळा फिरवू शकत नाही.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती मला सुचलीच नसती. माझ्या मावसभावाचं मत कितीही बरोबर असलं तरी तो नातेवाईक, समोरचा वकील तेवढंच धरून बसेल. म्हणून ओळखदेख नसलेल्या एका जुन्या मेकॅनिकला पैसे देऊन बोलवावं, त्यानं लाइन मुळीच उघडू नये, नाहीतर 'बाहेरच्या माणसानं हात लावला' म्हणून वॉरंटीच नाकारतील. फक्त बाहेरून बघावं. त्याप्रमाणे त्यानं क्लॅम्प मीटरनं कॉम्प्रेसर किती करंट घेतो ते मोजलं, पत्र्यांचं तापमान घेतलं, कॉइलवरचं अर्धवट दंव बघितलं आणि लेटरहेडवर पानभर लिहून सही-शिक्क्यानिशी दिलं.

नोटीस मी स्वतः लिहिली. त्यासाठी वकील लागत नाही, आयोगापुढेही स्वतः उभं राहता येतं. दुकानाला मराठीत, कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाला इंग्रजीत, दोन्ही रजिस्टर पोस्टानं पोचपावतीसह. मसुदा बाईंनी दोनदा परत लिहायला लावला. पहिल्या मसुद्यात मी मनस्ताप, फसवणूक असं बरंच लिहिलं होतं. त्यांनी ते सगळं काढलं आणि तारखाच ठेवल्या. बिलाचा क्रमांक, मॉडेल, सिरियल नंबर. कधी बिघडला, काय केलं, जॉबशीटवर काय लिहिलं. तापमानाच्या नोंदींचं पान. 'बॉडी लीकेज' हे तुमच्याच माणसाचं निदान. हा फ्रिज औषध ठेवण्याजोगाही उरलेला नाही. मागणी, त्याच क्षमतेचा नवा फ्रिज किंवा पूर्ण किंमत, पंधरा दिवसांत. शेवटी, असं न झाल्यास सांगली जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल करण्यात येईल.

सांगली हा शब्द त्यात महत्त्वाचा होता. पूर्वी सामनेवाल्याचं कार्यालय जिथे असेल तिथे किंवा जिथे व्यवहार झाला तिथे जावं लागायचं. २०१९ च्या कायद्यानं तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथेही तक्रार करता येते. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत. ऑनलाइनही दाखल करता येते. कायदा म्हणतो की आयोगाची नोटीस सामनेवाल्याला पोचल्यापासून ३ महिन्यांत, वस्तू प्रयोगशाळेत तपासावी लागली तर ५ महिन्यांत निकाल व्हावा. प्रत्यक्षात याहून वेळ लागतो, बाईंनी ते स्पष्टच सांगितलं. म्हणूनच त्या म्हणत होत्या, की नोटीस अशी लिही की समोरच्याला पुढचा सगळा रस्ता त्यातच दिसावा. मी तक्रारअर्जही तयार करून, प्रतिज्ञापत्राचा मसुदा लावून ठेवला होता.

पोचपावती परत आली आणि दुकानाचा फोन आला. मालकांचा सूर बदललेला. आता तेही कंपनीवर चिडले होते आणि मला ते योग्य वाटलं. नोटिशीत त्यांचं नाव पहिलं होतं. कंपनीच्या माणसाला धारेवर धरायची ताकद माझ्याहून त्यांच्यात जास्त, कारण कंपनीचा माल विकला जातो तो त्यांच्या काउंटरवरून. ती ताकद त्यांनी इतके महिने वापरली नव्हती.

कंपनीचा पहिला प्रस्ताव आला, वापरलेल्या महिन्यांचा घसारा म्हणून १५ टक्के कापून पैसे परत. मी उत्तर दिलं की घसारा चालणाऱ्या वस्तूचा काढतात. गणपतीपासून ही वस्तू पुन्हा पुन्हा बंद पडत होती आणि त्याच्या नोंदी तुमच्याकडे आहेत. दुसरा प्रस्ताव, त्या मॉडेलचं उत्पादन थांबलंय, नव्या मॉडेलसाठी २,२०० रुपये फरक भरा. त्यालाही नाही. मॉडेल बंद करणं हा त्यांचा निर्णय, त्याचा खर्च माझ्यावर का? तिसऱ्या फोनला फरक न घेता नवं मॉडेल द्यायला तयार झाले.

तरी एक गाठ उरली होती. त्यांचं म्हणणं, बदलून दिलेल्या वस्तूची वॉरंटी जुन्या बिलाच्या तारखेपासूनच मोजली जाईल. म्हणजे मार्चमध्ये आलेल्या नव्या फ्रिजची वॉरंटी एप्रिलमध्ये संपणार. बऱ्याच कंपन्यांच्या कार्डावर अशी अट छापलेली असते आणि फ्रिज मिळाल्याच्या आनंदात ती कुणी वाचत नाही. मी मालकांना सांगितलं, "शेठ, मला नवं बिल द्या, नव्या सिरियल नंबरचं, नव्या तारखेचं. नाहीतर हा फ्रिज उतरवून घेणार नाही." त्यांनी दोन दिवस घेतले आणि दिलं. ३ मार्च २०२५ तारखेचं.

भरपाई मिळाली नाही. नासलेल्या दुधा-भाजीचे आणि टाकून द्याव्या लागलेल्या इन्सुलिनच्या बाटल्यांचे मिळून काही हजार मी मागितले होते. तेवढ्यासाठी आयोगात जायचं की नाही यावर घरात बोललो आणि सासूबाई म्हणाल्या, पुरे. त्यांचं औषध आता घरातल्या फ्रिजमध्ये होतं. आजही मला वाटतं की ती रक्कम आमची होती, आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी ती सोडू नये.

फ्रिज उतरवायच्या आधी त्यांनी सहीसाठी एक छापील पत्र दिलं. त्यातलं एक वाक्य होतं, 'यापुढे कंपनीच्या व विक्रेत्याच्या कोणत्याही उत्पादनाबाबत माझी काहीही तक्रार राहणार नाही.' मी ते खोडून वर लिहिलं, 'फक्त अमुक सिरियल नंबरच्या जुन्या फ्रिजबाबतची तक्रार मिटली आहे,' शेजारी सही केली, त्यांच्या माणसाची सही घेतली. नुसतं 'तक्रार नाही' यावर सही केली असती तर नव्या फ्रिजमध्ये काही निघालं तरी माझे हात बांधलेले राहिले असते.

जुना फ्रिज टेम्पोत चढवताना मला एकच काळजी होती. गॅस भरला की तो महिना-दीड महिना छान चालतो. पुसूनबिसून 'थोडा वापरलेला, स्वस्तात' म्हणून तो कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जाऊ शकतो. म्हणून माल परत नेल्याच्या पावतीवर, सिरियल नंबरच्या पुढे, मी 'बॉडी लीकेज, गॅस भरून विकू नये' असं लिहायला लावलं. टेम्पोवाल्यानं विचारलं, हे कशाला? मी त्याला नळीचं सगळं सांगितलं. त्यानं ते खाली सही करताना मोठ्यानं वाचून घेतलं, आणि त्या पावतीचा फोटो मी दुकानाला आणि कंपनीला त्याच दिवशी ईमेलनं पाठवला.